अंधुक धूमकेतू पाहायचा तर गोरेगावातून

गोरेगाव म्हटलं की राज्यातल्या बहुतेकांना मुंबईचं उपनगर आठवतं. हा लेख दुसऱ्या गोरेगावाबद्दल आहे. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. भोवती धानाच्या बांध्या आहेत, जुने मालगुजारी तलाव आहेत आणि पश्चिम-नैऋत्येला नागझिऱ्याचं जंगल आहे. २०२७ च्या जानेवारीत एंकेचा धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात येईल. मुंबईच्या गोरेगावातल्या गच्चीवर महागडी दुर्बीण लावूनही तो दिसण्याची शक्यता फार थोडी आहे. गोंदियाच्या गोरेगावात मात्र तलावाच्या पाळीवर बसलेल्या, शाळेची साधी दुर्बीण हाताशी असलेल्या मुलीला तो सापडेल. अशा धूमकेतूसाठी सगळ्यात मोलाचं उपकरण म्हणजे काळोख, आणि तो अजून या गावाकडे आहे.

एंकेचा धूमकेतू सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे ३.३ वर्षांत पुरी करतो. परिचित धूमकेतूंमध्ये इतक्या लवकर परतणारा दुसरा नाही. सूर्याजवळ येतो तेव्हा तो बुधाच्या कक्षेच्याही आत शिरतो. दूर जातो तेव्हा पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे चौपट अंतरावर, गुरूच्या कक्षेच्या अलीकडूनच वळतो. त्याचं केंद्रक जेमतेम पाच किलोमीटर रुंदीचं आहे. आवर्ती धूमकेतूंच्या यादीत हॅलेचा क्रमांक पहिला आणि याचा दुसरा, कारण गणिताने परतीची वेळ सांगितली गेली आणि ती खरी ठरली असा हा दुसराच धूमकेतू. आज ही यादी चारशेच्या पुढे गेली आहे.

दहा फेऱ्यांना ३३ वर्षं लागतात, म्हणून दर ३३ वर्षांनी तो जवळपास त्याच तारखांना, आकाशाच्या त्याच भागात दिसतो. १९९४ च्या फेब्रुवारीत तो सूर्याजवळून गेला होता. २०२७ च्या फेब्रुवारीतही दुसऱ्या आठवड्यात तो उपसूर्य बिंदूवर, म्हणजे सूर्याच्या सर्वात जवळ असेल. त्याच्या आधीचा महिना-दीड महिना तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसतो. आपल्याकडे तेव्हा आकाश निरभ्र असतं, हे नशीबच म्हणायचं. २०२६ च्या ऑगस्टमधली टेंपल-२ या आवर्ती धूमकेतूची चांगली फेरी ऐन पावसाळ्यात, धानाची रोवणी चालते त्या दिवसांत पडते.

या धूमकेतूचा शोध एकदा नाही, चार वेळा लागला. १७ जानेवारी १७८६ ला पॅरिसमध्ये पिएर मेशाँला तो दिसला. १७९५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये कॅरोलिन हर्शेलने पाहिला. मग १८०५ मध्ये आणि पुन्हा १८१८ च्या नोव्हेंबरात झाँ-लुई पाँ याच्या दुर्बिणीत तो आला. दर वेळी नवा धूमकेतू सापडल्याची नोंद झाली. चारही वेळा तो एकच होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यातल्या पाँबद्दल मला विशेष आदर वाटतो. १७८९ मध्ये तो मार्सेच्या वेधशाळेत द्वारपाल म्हणून लागला. शिक्षण बेताचं, पण तिथल्या खगोलज्ञांनी त्याला दुर्बीण हाताळायला शिकवलं. पुढे त्याने तीसहून अधिक धूमकेतू शोधले. दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहून इतके धूमकेतू शोधणारा माणूस त्याच्यानंतर झाला नाही. आकाशाचा कोपरा न् कोपरा त्याला पाठ होता, त्यामुळे काल जिथे काही नव्हतं तिथे आज फिकट डाग आला की तो त्याला लगेच खटके.

१८१८ चे वेध जर्मनीत योहान फ्रान्ट्स एंकेच्या हाती आले. गोथाजवळच्या सीबर्ग वेधशाळेत काम करणाऱ्या या तरुणाने धूमकेतूची कक्षा मांडली, तेव्हा ती लांबलचक न येता तीन-सव्वातीन वर्षांची, आखूड आली. गुरूच्या ओढीचा हिशेब धरून तो मागे मागे गेला, आणि १८०५, १७९५, १७८६ चे तिन्ही धूमकेतू त्याच कक्षेत बसले. १८२२ च्या मे महिन्यात तो सूर्याजवळ येईल, असं एंकेने जाहीर केलं. ही फेरी युरोपातून दिसणार नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटा इथे कार्ल र्‍यूमकरला २ जून १८२२ ला तो सापडला, सांगितलेल्या जागेजवळच. जगाने धूमकेतूला एंकेचं नाव दिलं. एंके स्वतः मात्र त्याला पाँचा धूमकेतूच म्हणत राहिला.

एंकेच्या या भाकिताचं महत्त्व आपल्या परंपरेच्या संदर्भात अधिक कळतं. वराहमिहिराने बृहत्संहितेत केतूंवर, म्हणजे धूमकेतूंवर एक अख्खा अध्याय लिहिला आहे. केतूंचा उदय आणि अस्त गणिताने कळू शकत नाही, असं त्याने तिथे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं. त्या काळच्या साधनांनी पाहता ते विधान प्रामाणिक होतं. त्यानेच पुढे मतभेदही नोंदवले आहेत: कुणी केतू १०१ मानतात, कुणी १००० मानतात, तर नारदांच्या मते केतू एकच, तोच नाना रूपांनी दिसतो. मेशाँ, कॅरोलिन आणि पाँ यांना चार धूमकेतू वाटले आणि एंकेने ते एकच असल्याचं दाखवलं, हे वाचताना मला नारदांचं ते मत दर वेळी आठवतं.

गणित नव्हतं तेव्हा भीती होती. जिंजीला राजाराम महाराजांसाठी १६९० च्या दशकात लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत, शिवाजी महाराजांच्या निधनाच्या दिवशी भूकंप झाला, उल्का पडल्या आणि आकाशात धूमकेतू उगवला असं येतं. महाराज गेले ३ एप्रिल १६८० ला. त्या वर्षाचा जगप्रसिद्ध विराट धूमकेतू गॉटफ्रीड किर्खला दिसला १४ नोव्हेंबरला, म्हणजे सात महिन्यांनी. दुर्बिणीतून सापडलेला तो पहिला धूमकेतू. त्या वर्षाची ही आठवण लिहिताना मोठ्या दुःखाच्या दिवसाशी जोडली गेली असावी, असं मला वाटतं. त्याच धूमकेतूच्या वेधांवर न्यूटनने, धूमकेतूही ग्रहांसारखेच सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमात बांधलेले आहेत, हे दाखवलं.

आपल्या देशातली एक हकीकत इथे सांगायलाच हवी. बीला नावाचा आवर्ती धूमकेतू १८४६ मध्ये दुभंगला. १८५२ मध्ये त्याचे दोन्ही भाग दिसले आणि मग तो नाहीसा झाला. २७ नोव्हेंबर १८७२ च्या रात्री युरोपात उल्कांचा पाऊस पडला. गटिंगेनच्या क्लिंकरफ्यूसने मद्रास वेधशाळेच्या नॉर्मन पॉगसनला तार केली: बीलाने २७ तारखेला पृथ्वीला स्पर्श केला आहे, त्याला नरतुरंग तारकासमूहात शोधा. पॉगसनने शोधलं, आणि डिसेंबरच्या दोन पहाटांना त्याला तिथे खरोखरच एक धूमकेतू दिसला. मग ढग आले, पुढचे वेध हुकले. नंतरच्या गणिताप्रमाणे तो बीला नव्हताच. पॉगसनने काय पाहिलं, हा प्रश्न दोन पहाटांच्या वेधांवरच अडून राहिला. अंधुक धूमकेतूची एकेक नोंद किती मोलाची असते, हे मला या गोष्टीतून पटलं.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आकाशातल्या वस्तूचं तेज ‘प्रती’त मोजतात; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद. वर्तमानपत्रात ‘धूमकेतू नवव्या प्रतीचा’ असं वाचून अनेक जण दुर्बीण काढतात, नवव्या प्रतीचे तारे सहज पाहतात, आणि धूमकेतू काही केल्या दिसत नाही. घोळ असा की ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत असतो, तर धूमकेतूची प्रत म्हणजे त्याच्या पसरलेल्या सगळ्या प्रकाशाची बेरीज. चिमूटभर रांगोळी एका ठिपक्यात टाकली तर उठून दिसते, तीच सगळ्या अंगणात भुरभुरली तर आहे की नाही ते कळत नाही. एंकेचा धूमकेतू नेमका असा विरळ असतो. त्याच्यातून बारीक धूळ कमी आणि वायू जास्त निघतो. सूर्यप्रकाश परावर्तित करणारी झळकती धुळीची शेपटी त्यामुळे त्याला सहसा नसते. असतो तो गोलसर, हिरवट झाकेचा, कडा विरत गेलेला धुरकट पुंजका. ही हिरवट झाक कार्बनच्या दोन अणूंच्या रेणूमुळे येते.

असा पुंजका दिसतो तो त्याच्यात आणि मागच्या आकाशात उजेडाचा फरक असतो म्हणून. शहराच्या दिव्यांनी आकाशच उजळलं की फरक मिटतो. मोठी दुर्बीण धूमकेतू उजळवते तशी उजळलेलं आकाशही उजळवते, म्हणून शहरात नुसता आरसा वाढवून फारसं साधत नाही. हे आधी पडताळून पाहायचं असेल तर त्रिकोण तारकासमूहातली एम-३३ ही दीर्घिका शोधा. तिची एकूण प्रत सुमारे ५.७, म्हणजे कागदावर साध्या डोळ्यांच्या टप्प्यातली. जानेवारीत संध्याकाळी ती जवळपास डोक्यावर असते. पण तिचा प्रकाश पूर्ण चंद्राहून मोठ्या क्षेत्रावर पसरलेला आहे, त्यामुळे शहरातून ती बायनॉक्युलरमध्येही हाती लागत नाही. गावाबाहेर तुम्हाला ती बायनॉक्युलरमधून सहज दिसली, तर ती जागा धूमकेतूसाठी चालेल.

गोरेगावात जागा निवडताना दिशेचा विचार लागतो. उत्तरेला पंधरा-वीस किलोमीटरवर गोंदिया शहर आहे. पश्चिमेला, किंचित वायव्येकडे तिरोडा आणि तिथला मोठा औष्णिक वीज प्रकल्प. या दोन्ही बाजूंना क्षितिजालगत उजेड आहे. नैऋत्येला नागझिरा असल्यामुळे तो भाग काळा राहतो. धूमकेतू पश्चिमेलाच मावळणार, म्हणून तो उंच असतानाच पाहून घ्यायचा. मोठ्या तलावाच्या पूर्वेकडच्या पाळीवर बसलात तर समोर पाणी आणि पलीकडे मोकळं पश्चिम क्षितिज मिळतं. जानेवारीत पाण्यावर धुकं धरतं, पण ते बहुधा रात्र चढल्यावर, आणि आपलं काम आठपर्यंत उरकतं. धान कापून झालेल्या बांध्याही उत्तम. मात्र काळोखाच्या मोहाने जंगलात शिरू नका. नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प आहे, वाघ, बिबट आणि अस्वलं या भागात वस्तीच्या कडेपर्यंत येतात. गावाजवळ राहा, चार-पाच जण मिळून बसा. कानटोपी आणि घोंगडी हवीच. विदर्भात थंडीचा कडाका पडला की सर्वात कमी तापमानाच्या बातमीत गोंदियाचं नाव वारंवार येतं.

तारखांचं सांगतो. २०२७ मध्ये ७ जानेवारीच्या रात्री अमावस्या आहे, २२ तारखेला पौर्णिमा. डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांपासून १० जानेवारीपर्यंत संध्याकाळी चंद्र आड येणार नाही. त्यानंतर चंद्रकोर स्वतःच पश्चिमेला, धूमकेतूच्याच बाजूला येते. गोरेगावात त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास, मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो आणि सातला पूर्ण काळोख झालेला असतो. तेव्हा धूमकेतू क्षितिजापासून तीसेक अंश वर असेल. त्याची प्रत नऊ ते दहाच्या दरम्यान राहील असा अंदाज आहे. सहा किंवा आठ इंची दुर्बीण पुरेल, बायनॉक्युलरचा मात्र कस लागेल. महिनाअखेरीस तो आणखी उजळेल, सात-आठ प्रतीपर्यंतही जाईल, पण तोवर सूर्याच्या इतका जवळ गेलेला असेल की काळोख होईपर्यंत तो झाडांच्या शेंड्यांवर टेकेल. म्हणून मी जानेवारीचा पहिला आठवडाच धरीन.

शोधायचं कसं? पश्चिमेला भाद्रपदांचा मोठा चौकोन चटकन ओळखू येतो. त्यातल्या पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ दक्षिणेकडे तेवढीच पुढे वाढवा आणि मग थोडं पश्चिमेला सरका. तिथे कुंभ राशीतला घट आहे, चार मंद ताऱ्यांची लहानशी रचना. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात धूमकेतू याच घटाच्या आसपास रेंगाळतो, रोज फार सरकत नाही. नेमकी जागा त्या दिवसाच्या नकाशावरून घ्या. स्टेलॅरियमसारख्या मोफत प्रणालीत धूमकेतूची ताजी कक्षा भरली की नकाशा मिळतो.

डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. या वेळात मोबाइलचा पडदा एकदा जरी उजळला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावून घ्या. आणि धूमकेतूकडे रोखून पाहू नका. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्यांच्या पडद्यावर मध्यभागी नसतात, कडेला दाट असतात. नजर किंचित बाजूला ठेवली की जिथे काही नव्हतं तिथे पुंजका उमटतो. तरीही शंका असेल तर दुर्बिणीच्या नळीला हलकी टिचकी मारा. स्थिर अंधुक डाग निसटतो, पण हलणारा डोळ्याला कळतो.

दिसलेला पुंजका धूमकेतूच आहे कशावरून? आकाशात असे पुंजके पुष्कळ आहेत, दीर्घिका आहेत, तारकागुच्छ आहेत. चार्ल्स मेसियेने आपली प्रसिद्ध यादी केली ती धूमकेतू शोधणाऱ्यांची यांच्यामुळे फसगत होऊ नये म्हणूनच. उपाय जुना आणि खात्रीचा आहे. वहीत वर्तुळ काढा, दुर्बिणीत दिसणारे तारे मांडा, पुंजक्याची जागा दाखवा, तारीख आणि वेळ लिहा. दोन-तीन रात्रींनी पुन्हा काढा. तारे तिथेच आणि पुंजका सरकलेला, तर तो धूमकेतू.

वही हाती आहे तर प्रतही मोजावी. दुर्बिणीत धूमकेतू पाहून त्याचा आकार आणि उजेड मनात ठेवायचा. मग प्रत माहीत असलेल्या जवळच्या ताऱ्यावर जाऊन दुर्बीण जाणूनबुजून अस्पष्ट करायची, तारा पसरून धूमकेतूएवढा दिसेपर्यंत. त्याहून उजळ कोणता, मंद कोणता हे पाहत दोन ताऱ्यांच्या मधली प्रत ठरवायची. सरावाने हा अंदाज नीट जमतो. जगभरातले हौशी निरीक्षक अशा नोंदी स्लोव्हेनियातून चालणाऱ्या कॉब्स या नोंदसंग्रहात भरतात आणि धूमकेतूंचे अभ्यासक त्या वापरतात. पसरट, मंद धूमकेतूची एकूण प्रत अनुभवी डोळा आजही चांगली सांगतो, कारण कॅमेऱ्याच्या छोट्या मोजमापात कडेचा विरळ भाग सुटून जातो.

एंकेच्या धूमकेतूची अशी चिकाटीने ठेवलेली नोंद नसती तर धूमकेतू म्हणजे काय हेच उशिरा कळलं असतं. एंकेच्या लक्षात आलं की धूमकेतू दर फेरीला सुमारे अडीच तास लवकर येतो. ग्रहांची ओढ धरूनही हिशेब जुळेना. अवकाशात काही विरळ माध्यम असावं आणि त्याच्या विरोधामुळे कक्षा आखडत असावी, असं त्याने मानलं. हे कोडं शंभराहून अधिक वर्षं टिकलं. १९५० मध्ये फ्रेड व्हिपलने उत्तर दिलं: केंद्रक हा बर्फ आणि धूळ यांचा गोळा आहे, तो स्वतःभोवती फिरतो, तापलेल्या बाजूने वायूचे झोत सुटतात आणि त्या झोतांच्या धक्क्याने धूमकेतूची गती किंचित बदलते. अडीच तासांचा हा फरक वर्षानुवर्षं कमी होत आला आहे, म्हणजे झोतांचा जोर आणि दिशाही बदलतात. ‘मळकट बर्फाचा गोळा’ ही आज शाळेत शिकवली जाणारी कल्पना या व्हिपलचीच.

दुर्बीण नसेल तरी या धूमकेतूशी ओळख करून घेता येते. त्याच्या कक्षेत पसरलेल्या कणांमधून पृथ्वी दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाते आणि वृषभ राशीतून उल्का पडताना दिसतात. संख्या थोडी, पण त्या संथ आणि कधीकधी खूप तेजस्वी असतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई सुरू होते, रात्रभर दंडार आणि नाटकं रंगतात. नाटक पाहून पहाटे घरी परतताना कृत्तिका-रोहिणीच्या बाजूने सावकाश तुटणारा तारा दिसला, तर तो एंकेच्या धूमकेतूचा कण असण्याची बरीच शक्यता आहे.

पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. शहरातल्या या मंडळींना आज काळोखासाठी दूर प्रवास करावा लागतो. गोरेगावात तो घरामागे आहे, पण तो कायम राहील असं धरून चालू नये. खांबाखांबावर पांढरे, वर आणि आडवे उजेड फेकणारे एलईडी दिवे लागत आहेत. त्यांचा बराचसा उजेड रस्त्यावर पडतच नाही. विदर्भातच यावर उत्तर निघालं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवले गेले. गावं अंधारात गेली नाहीत, उजेड फक्त हवा तिथे पडू लागला.

नागझिऱ्याच्या कडेच्या गावांना हे करणं अवघड नाही. पुढच्या वेळी रस्त्यावरचे दिवे बदलायला निघतील तेव्हा ते झाकणाचे, खाली उजेड पाडणारे असावेत, एवढा ठराव ग्रामसभेत मांडा. आणि २०२७ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, शाळेची दुर्बीण कपाटात असेल तर ती आधीच काढून, पुसून, चंद्रावर लावून तपासून ठेवा. ही संधी गेली तर संध्याकाळच्या आकाशातली अगदी अशीच फेरी पुन्हा २०६० मध्ये येईल.